प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली! कोण होते हाफकिन?

जैविक हल्ल्याच्या धोक्यांच्या यादीत प्लेग आजही पहिल्या गटात आहे. १९४० मध्ये जपानी विमानांनी चीनमधल्या निंगबोवर प्लेगच्या पिसवा टाकल्या होत्या. अशा वेळी लस आहे, पण लोकांचा विश्वास नाही, तर काय करायचं? मुंबईला हा प्रश्न त्याआधीच पडला होता.

ओडेसात १८६० मध्ये जन्मलेले वाल्डेमार हाफकिन प्राणिशास्त्रज्ञ होते, डॉक्टर नव्हे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि सरकारने त्यांना बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांनी तीनेक महिन्यांत लस बनवली. १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलं, पण ते बरे झाले. मग भायखळा तुरुंगातले कैदी स्वेच्छेने पुढे आले. टिटवाळ्याहून सीएसएमटीला जाताना लागतं तेच भायखळा. तिथे लस न घेतलेल्यांत जास्त मृत्यू झाले.

तरी संशय होताच. सरकारी पथकं घराघरांत घुसत होती. पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली तीही त्याच वर्षी.

१९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला, पदही गेलं. प्रत्यक्षात लशीची एक बाटली गावातच दूषित झाली होती. हे मान्य व्हायला १९०७ उजाडलं.

परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचं नाव मिळालं. तेव्हा ते भारतात नव्हते. १९३० मध्ये लोझानला त्यांचं निधन झालं.