ली शिझेन: सालींच्या नावांचा गोंधळ सोडवण्यासाठी २७ वर्षं खपलेला वैद्य

सोळाव्या शतकातल्या चीनमध्ये झाडांच्या साली हे नेहमीच्या वापरातलं औषध होतं. पण वैद्याने सांगितलेली साल आणि रोग्याच्या काढ्यात पडलेली साल एकच असेल, याची खात्री नसायची. एका झाडाला अनेक नावं, तर एकाच नावाची दोन झाडं. चूक पुस्तकात व्हायची, भोगायचा मात्र रोगी. हा गोंधळ निस्तरायला ली शिझेन यांनी आयुष्य वेचलं.

१५१८ मध्ये हुबेई प्रांतातल्या छीझोऊ इथे त्यांचा जन्म झाला. घराणं वैद्यांचं होतं, पण मुलाने सरकारी अधिकारी व्हावं अशी वडिलांची इच्छा होती. पहिली परीक्षा त्यांनी लहान वयातच दिली आणि ते पास झाले. प्रांताच्या परीक्षेत मात्र ते तीनदा नापास झाले. मग त्यांनी वडिलांचाच व्यवसाय धरला. पुढे नाव झालं आणि बीजिंगच्या राजवैद्यशाळेतही बोलावणं आलं. तिथे ते फार काळ रमले नाहीत.

१५५२ मध्ये त्यांनी नवा औषधकोश लिहायला घेतला. ८०० हून अधिक ग्रंथ वाचले, रानोमाळ हिंडले, शेतकरी, कोळी, लाकूडतोडे यांना विचारलं. तीन वेळा मसुदा नव्याने लिहिला. १५७८ मध्ये 'बेन्साओ गांगमू' पूर्ण झाला. त्यात ५२ भाग, १,८९२ औषधं आणि ११ हजारांवर पाठ आहेत.

कंबर आणि गुडघेदुखीवर दिली जाणारी दूझोंगची साल हे त्यातलं एक औषध. ही साल मोडून ओढली की आत रेशमासारखे चकचकीत धागे दिसतात. ते रबरासारख्या चिकाचे असतात. या धाग्यांमुळे तिला झाडाचा कापूस या अर्थाचंही एक नाव पडलं होतं. पण तेच नाव काटेसावरीलाही आहे! म्हणूनच ली प्रत्येक औषधाची सगळी नावं आधी देतात, ती का पडली ते सांगतात, मग ओळख, गुण आणि उपयोग.

त्यांनी दिलेले सगळेच उपयोग आजच्या कसोटीवर उतरत नाहीत. पण वस्तू नीट ओळखल्याशिवाय औषध देऊ नये, ही त्यांची शिस्त टिकून आहे.

ग्रंथ छापून मिळायलाही वर्षानुवर्षं गेली. १५९३ मध्ये ली वारले. पहिली प्रत नानजिंगमध्ये १५९६ मध्ये निघाली, ती पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं. २०११ मध्ये युनेस्कोने या ग्रंथाची जागतिक स्मृती नोंदवहीत नोंद केली.