मॉर्गन जोन्स : सदसद्विवेकबुद्धीशी प्रामाणिक राहिलेला शिक्षक

दक्षिण वेल्समधील ऱ्हिम्नी नदीच्या खोऱ्यात, एका कोळसा खाणकामगाराच्या घरी, १८८५ साली मॉर्गन जोन्स यांचा जन्म झाला. रेडिंग येथे उच्च शिक्षण घेऊन ते आपल्याच खोऱ्यात शाळाशिक्षक झाले. ते बाप्टिस्ट पंथाचे प्रवचनकार होते व स्वतंत्र मजूर पक्षाचे कार्यकर्तेही होते.

१९१६ साली ब्रिटनमध्ये सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा झाला. माणसाने माणसाला मारणे जोन्स यांच्या श्रद्धेत बसत नव्हते. त्यांनी शस्त्र हाती घेण्यास नकार दिला आणि तुरुंगवास पत्करला. युद्ध संपल्यावर सुटका झाली, परंतु शाळेचे दार बंद झाले होते. पोटासाठी या शिक्षकाला कोळशाच्या खाणीत मजुरी करावी लागली. १९१८ च्या कायद्याने तर सैन्यसेवा नाकारणाऱ्या अनेकांचा मतदानाचा हक्कही पाच वर्षांसाठी काढून घेतला होता.

अशा वातावरणात, ऑगस्ट १९२१ मध्ये, कॅरफिली मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत मजूर पक्षातर्फे ते निवडून आले. युद्धास नकार देऊन तुरुंगात गेलेल्यांपैकी युद्धानंतर संसदेत पोहोचलेले ते पहिले होत. पुढे १९२४ मध्ये आणि पुन्हा १९२९ ते १९३१ या काळात ते शिक्षण खात्याचे संसदीय सचिव झाले. ज्याला वर्गात उभे राहू दिले नाही, त्याच्याकडे देशाच्या शाळांची जबाबदारी आली!

सत्तेतील वाटही सोपी नव्हती. मुलांनी १४ ऐवजी १५ व्या वर्षापर्यंत शिकावे, यासाठी त्यांच्या खात्याने विधेयक आणले. वाढत्या खर्चाचा भार चर्चच्या शाळांनी कसा पेलावा, असा प्रश्न त्यांच्याच पक्षातील कॅथलिक सदस्यांनी उभा केला. अखेर १९३१ मध्ये उमराव सभेने ते विधेयक फेटाळले. दोन्ही बाजूंना मुलांचीच काळजी होती, तरी मुलांचे ते एक वर्ष हुकले, याची आम्हांला खंत वाटते.

भारताशीही त्यांचा संबंध आला. १९३३-३४ मध्ये भारताच्या घटनात्मक सुधारणांचा विचार करणाऱ्या संयुक्त संसदीय समितीत ॲटली यांच्यासमवेत ते सदस्य होते.

एप्रिल १९३९ मध्ये, दुसरे महायुद्ध उंबरठ्यावर असताना, त्यांचे निधन झाले. त्यांच्या जागी मतदारांनी नेस एडवर्ड्स यांना निवडले. पहिल्या महायुद्धात तेही याच कारणासाठी तुरुंगात गेले होते.

अंतःकरणाचा आवाज ऐकणाऱ्यास किंमत मोजावी लागते, हे आपण जाणतो. ती किंमत मोजूनही मनात कटुता न ठेवता सेवा करता येते, हे या शिक्षकाच्या जीवनातून आम्ही शिकलो.