हवेचा हिशेब ठेवणारा माणूस : विलिस कॅरिअर

जुन्या इंदुरात माझ्या काकांचा लहानसा छापखाना होता. खाली यंत्र, वर कागदाची खोली, आणि समोर दोन हातगाड्या जेमतेम जातील एवढी गल्ली. मी तेव्हा पदवीच्या वर्गात पदार्थविज्ञान शिकत होतो, म्हणून घरात माझ्या शब्दाला उगीचच वजन आले होते. वैशाखात छापखाना भट्टीसारखा तापे. माझ्या सांगण्यावरून काकांनी खिडकीत वाळ्याचे पडदे लावलेला पाण्याचा मोठा कूलर बसवला. माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याने असे काही सुख दिले की कामगार मला दुवा देऊ लागले.

पुढे श्रावण आला. एका पेढीच्या चाररंगी कॅलेंडरांचे काम हाती होते आणि आत घुसमटत होते. काकांनी विचारले, कूलर चालू ठेवू का? मी बेधडक होकार दिला. दोन दिवसांनी पाहतो तर पहिल्या दिवशी छापलेल्या पिवळ्या रंगावर दुसऱ्या दिवशीचा निळा बसेना. कागद ओल पिऊन फुगला होता. देवीच्या चेहऱ्याला दोन कडा आल्या होत्या. सारा कागद रद्दीत गेला. काका मला एक अक्षर बोलले नाहीत. तेच जास्त लागले.

चूक कोठे झाली हे शोधण्यासाठी मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसलो, आणि तेथे मला विलिस हॅविलंड कॅरिअर भेटला. वातानुकूलनाचा जनक म्हणून त्याचे नाव मी ऐकले होते. परंतु ज्या कामातून हे शास्त्र उभे राहिले, ते काम एका छापखान्याचेच होते, हे मला ठाऊक नव्हते.

कॅरिअरचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात अँगोला या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. तो एकुलता एक मुलगा. लहानपणी त्याला अपूर्णांक समजेनात, तेव्हा आईने सफरचंदे आणून त्यांचे अर्धे, पाव, अष्टमांश असे तुकडे केले आणि त्याच्याकडून बेरीज-वजाबाकी करवून घेतली. कोणताही अवघड प्रश्न तुकडे करून सोडवावा, ही सवय त्याला तेथे लागली. तो अकरा वर्षांचा असताना आई वारली. शिक्षणासाठी घरात पैसा नव्हता. काही काळ त्याने शाळेत शिकवले, मग शिष्यवृत्ती मिळवून कॉर्नेल विद्यापीठात प्रवेश घेतला. लोकांच्या घरची हिरवळ कापणे, भट्ट्या पेटवणे, विद्यार्थ्यांसाठी धुलाईची व्यवस्था चालवणे अशी कामे करीत १९०१ मध्ये तो अभियंता झाला.

बफेलो शहरातील बफेलो फोर्ज या कंपनीत त्याला आठवड्याला १० डॉलरवर नोकरी लागली. पहिले काम थंडाव्याचे नव्हे, उष्णतेचे होते : लाकूड आणि कॉफी वाळवण्यासाठी तापलेली हवा पुरवणाऱ्या यंत्रणांची आखणी. एवढ्यात ब्रुकलिनच्या सॅकेट-विल्हेल्म्स या मुद्रणसंस्थेची तक्रार आली. तेथे रंगीत छपाई होत असे आणि उन्हाळ्यात हवेतील ओलाव्यामुळे कागद फुगे, आकसे. एका रंगावर दुसरा बसत नसे. म्हणजे काकांचीच व्यथा!

या पंचवीस वर्षांच्या तरुणाने प्रश्न असा मांडला : हवेतील ओल ठराविक राखायची असेल तर हवा किती थंड करावी लागेल? थंड पाण्याच्या पेल्यावर बाहेरून घाम सुटतो, कारण पेल्याला टेकलेली हवा गार होऊन आपल्यातील पाणी सोडते. त्याच न्यायाने थंड नळ्यांच्या जाळ्यावरून हवा खेळवली तर तिचे पाणी नळ्यांवर उतरेल. त्याने आखलेल्या नकाशांवर १७ जुलै १९०२ ही तारीख आहे. सापेक्ष आर्द्रता ५५ टक्के राखणे हे उद्दिष्ट होते. या यंत्रणेची शक्ती दिवसाला १,०८,००० पौंड बर्फ वितळण्याइतकी होती. आज दुकानदार दीड टनाचे यंत्र मागतो ते हेच माप. टन म्हणजे यंत्राचे वजन नव्हे. २,००० पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता काढण्याची शक्ती म्हणजे एक टन.

त्याच वर्षाच्या अखेरीस पिट्सबर्गच्या स्थानकावर तो गाडीची वाट पाहत उभा होता. सभोवती दाट धुके होते. त्याच्या मनात आले, धुक्यातली ही हवा पाण्याने काठोकाठ भरलेली आहे, तरीही ती थंड असल्यामुळे तिच्यात एकंदर पाणी थोडेच आहे. मग थंड पाण्याच्या फवाऱ्यातून हवा नेली तर? फवाऱ्याचे तापमान जितके, तितकेच पाणी हवेत उरेल. पाण्यानेच हवा वाळवायची ही उलटी वाटणारी कल्पना खरी ठरली, आणि २ जानेवारी १९०६ रोजी तिचे पेटंट त्याला मिळाले.

येथे माझी चूक मला उमगली. आमचा कूलरही हवेला पाणीच दाखवीत होता. पण ते पाणी गार केलेले नव्हते. वैशाखात कोरडी हवा ते पाणी पिऊन स्वतः थंड होई. श्रावणात तिला प्यायला जागाच नव्हती. थंडावा नावाला, आणि उरलीसुरली ओल मात्र कागदाच्या पदरात!

कॅरिअर तेवढ्यावर थांबला नाही. तापमान, आर्द्रता आणि दवबिंदू यांचे नाते त्याने सूत्रांत बांधले आणि १९११ मध्ये अमेरिकेतील यंत्र अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडले. १९१५ मध्ये सहा सहकाऱ्यांसह त्याने स्वतःची कंपनी काढली. १९२२ मध्ये त्याने शीतकरणाचे नवे केंद्रोत्सारी यंत्र लोकांपुढे ठेवले. त्यात घातक अमोनिया नव्हता, म्हणून गर्दीच्या जागी ते बसवता आले. १९२४ मध्ये डेट्रॉइटच्या हडसन या दुकानात आणि १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रगृहात ते आले. कागदासाठी आणि सुतासाठी जन्मलेला थंडावा असा माणसांपर्यंत पोहोचला. आपल्याकडेही तो फार उशिरा आला नाही. जुन्या इंदुराजवळच्या माणिकबाग राजवाड्यात तो होता. यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी जर्मन वास्तुशिल्पी एकार्ट मुथेसियस याने १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत तो राजवाडा उभारला.

१९३० नंतरच्या मंदीत कॅरिअरच्या कंपनीला मोठा तोटा सोसावा लागला, पण तो खचला नाही. ७ ऑक्टोबर १९५० रोजी तो निवर्तला.

काकांनी पुढे कागदाच्या खोलीत खिडकीचे यंत्र बसवले. विक्रेत्याचा आग्रह मोठ्या यंत्राचा होता. या वेळी मी ओल्या आणि कोरड्या फडक्याचे दोन तापमापक टांगून आठवडाभर नोंदी घेतल्या आणि मगच बोललो. गरजेहून मोठे यंत्र खोली चटकन गार करून बंद पडते. हवेतील पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. म्हणून लहान यंत्र घेतले. ते अधिक वेळ चालले आणि रंग जागेवर बसले. मात्र समोरच्या घरातल्या काकूंनी आठवड्यात तक्रार आणली की तुमच्या यंत्राची झळ आमच्या खिडकीत येते. ती रास्त होती. उष्णता नाहीशी होत नाही, ती फक्त दुसरीकडे जाते. आम्ही यंत्र गल्लीऐवजी मागच्या मोकळ्या अंगाला हलवले.

आज मी बेळगावात शिकवतो. येथे आषाढ-श्रावणात भिंतींनाही ओल येते, आणि दुकानदार इंदूरच्याच चुका करताना दिसतात. विद्यार्थिमित्रांनो, यंत्राची किंमत विचारण्याआधी खोलीतल्या हवेची चौकशी करा : तिच्यात पाणी किती, खोलीत माणसे किती, कागद आहे की कापड, आणि काढलेली उष्णता कोणाच्या दारी जाणार? पंचविशीतल्या एका अभियंत्याने छापखान्यासाठी हाच हिशेब मांडला होता. तो न मांडता दिलेला सल्ला किती महाग पडतो, हे मी काकांच्या रद्दीच्या ढिगापाशी उभा राहून शिकलो आहे.