पिठामागचा लोखंडी माणूस : आंद्राश मेखवार्ट

मेसची पोळी वातड का होते या विषयावर आपल्या होस्टेलमध्ये जेवढी चर्चा होते, तेवढी जर थर्मोडायनॅमिक्सवर झाली असती तर निम्मं होस्टेल डिस्टिंक्शनमध्ये पास झालं असतं! पण पोळीचं पीठ मुळात तयार कसं होतं, ते ज्या मशिनवर दळलं जातं ते कोणी सुधारलं, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. मी मेकॅनिकलचा विद्यार्थी आणि गाव परभणी-जिंतूर रस्त्यावरचं झरी. म्हणजे ज्वारीच्या पट्ट्यातला माणूस. आमच्याकडे दळण म्हटलं की दगडाची गिरणी, पट्ट्याचा आवाज आणि गरम गरम पीठ, एवढंच चित्र डोळ्यांपुढे येतं. त्यामुळे मैदा आणि रवा बनवणाऱ्या मोठ्या मिलमध्ये दगड नसतोच, तिथे लोखंडाचे रोलर असतात, हे कळल्यावर मी त्या रोलरच्या मागे लागलो. शोधता शोधता एका माणसापाशी येऊन थांबलो. त्याचं नाव आंद्राश मेखवार्ट. हंगेरीत हे नाव मोठं आहे. बुडापेस्ट शहरात त्याच्या नावाची बाग आहे. आपल्याकडे मात्र तो फारसा कोणाला माहीत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

मेखवार्टचा जन्म १८३४ सालचा, जर्मनीतल्या बव्हेरियामधल्या श्वाइनफुर्ट गावातला. घरची परिस्थिती बेताची. आधी कुलूप-किल्ली आणि लोखंडकाम करणाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी केली, मग ऑग्सबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये शिक्षण घेतलं. म्हणजे आजच्या भाषेत बोलायचं तर आधी आयटीआय, नंतर डिप्लोमा! हातात कानस धरलेला माणूस ड्रॉइंग बोर्डावर बसला की काय फरक पडतो, ते पुढे त्याच्या आयुष्यात दिसतं. काही काळ न्यूरेंबर्गच्या मशिन कारखान्यात काम करून १८५९ साली तो डॅन्यूब नदीकाठच्या बुडा शहरात आला आणि अब्राहम गान्झ नावाच्या माणसाच्या फाउंड्रीत इंजिनियर म्हणून रुजू झाला. तेव्हा वय होतं जेमतेम पंचवीस.

आता या गान्झविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, कारण त्याच्याशिवाय मेखवार्टची गोष्ट पुरी होत नाही. गान्झ मूळचा स्वित्झर्लंडचा. १८४१ साली तो पेस्टमध्ये आला तो एका पिठाच्या मिलच्याच कामासाठी. स्विस इंजिनियर सुल्झबर्गर याच्या पद्धतीची, लोखंडी रोलरवर चालणारी मिल तिथे उभी राहत होती. त्या मिलच्या फाउंड्रीत काम करताना ओतकामाच्या अपघातात गान्झचा एक डोळा गेला. तरीही गड्याने फाउंड्री सोडली नाही. १८४४-४५ च्या सुमारास बुडामध्ये जागा घेऊन त्याने स्वतःचा छोटा कारखाना काढला. त्याचं नाव झालं ते रेल्वेच्या चाकांमुळे. ही चाकं 'चिल्ड कास्ट आयर्न'ची होती.

चिल्ड कास्टिंग म्हणजे काय, हे मेकॅनिकल आणि प्रॉडक्शनवाल्यांना माहीत आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. वितळलेलं बीड वाळूच्या साच्यात ओतलं की ते सावकाश थंड होतं. त्यातल्या कार्बनला ग्रॅफाइटच्या रूपात वेगळं व्हायला वेळ मिळतो आणि करड्या रंगाचं, तुलनेने मऊ बीड तयार होतं. तेच बीड धातूच्या साच्याला टेकलं की त्याची उष्णता झपाट्याने निघून जाते. कार्बनला ग्रॅफाइट होण्याइतका वेळच मिळत नाही, तो लोखंडाशी संयोग पावून सिमेंटाइट होतो आणि पृष्ठभाग पांढरा आणि कमालीचा कठीण बनतो. आतला गाभा मात्र सावकाश थंड झाल्यामुळे करडाच राहतो. त्यामुळे वरून झिजत नाही आणि आतून धक्का सोसतो, असा एकाच तुकड्यात दोन गुणांचा संगम. नारळासारखं म्हणा ना! रेल्वेच्या चाकाला नेमकं हेच हवं असतं.

नोव्हेंबर १८६७ मध्ये गान्झच्या कारखान्यात एक लाखावं चाक ओतल्याचा समारंभ झाला. त्यानंतर महिनाही उलटला नाही आणि १५ डिसेंबर १८६७ रोजी गान्झने आत्महत्या केली. आपल्याला मानसिक आजार होणार ही भीती त्याला पोखरत होती असं सांगतात. यशाच्या शिखरावर, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. एक डोळा गमावूनही न खचलेला माणूस मनातल्या भीतीपुढे हरला. हा प्रसंग वाचताना मी थोडा वेळ पुढे वाचूच शकलो नाही. परीक्षेच्या दिवसांत आपल्या आजूबाजूलाही गप्प गप्प होत जाणारे मित्र असतात. त्यांच्या खोलीचं दार वाजवायला आपण विसरू नये, एवढंच मी इथे म्हणेन.

कारखान्याची जबाबदारी मेखवार्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांवर येऊन पडली. १८६९ मध्ये कंपनीचं भागभांडवल कंपनीत रूपांतर झालं. चाकांना मागणी होती तोवर सगळं ठीक होतं. पण १८७३ च्या मे महिन्यात व्हिएन्नाचा शेअर बाजार कोसळला. ऑस्ट्रिया-हंगेरीत नव्या रेल्वेमार्गांची कामं थंडावली. चाकांवर जगणाऱ्या कारखान्याने आता खायचं काय? ओतारी, फिटर, हमाल अशा सगळ्यांची चूल त्या भट्टीवर पेटत होती. अशा वेळी काहीजण माणसं कमी करतात, काहीजण कर्ज काढून वाट बघत बसतात. मेखवार्टने वेगळा विचार केला. आपल्याकडे नेमकं काय आहे? चाक हा आपला माल झाला. आपली खरी विद्या आहे ती लोखंडाला बाहेरून कठीण आणि आतून चिवट करण्याची. मग अशी वस्तू आणखी कोणाला लागते?

त्याचं उत्तर कारखान्याच्या आसपासच होतं. हंगेरीच्या मैदानी प्रदेशात उत्तम, पण टणक गहू पिकतो. बुडा आणि पेस्ट (ही शहरं १८७३ मध्ये एकत्र होऊन बुडापेस्ट झाली) ही त्या काळी पीठगिरण्यांची मोठी पेठ होती. दगडाच्या जात्यात गहू एकदम चिरडला जातो. त्यात कोंड्याचा भुगा होऊन तो पिठात मिसळतो आणि चाळूनही पूर्ण निघत नाही. घर्षणाने पीठ तापतं. शिवाय दगड झिजला की गिरणी थांबवून टाकी लावावी लागते. गव्हाच्या दाण्यात साधारण ८३ टक्के पांढरा गाभा, १४ टक्के कोंडा आणि उरलेला अंकुर असतो. पांढरं पीठ हवं असेल तर दाणा चिरडून चालत नाही, तो उघडावा लागतो आणि आतला गाभा हलक्या हाताने खरवडून काढावा लागतो. हे काम रोलरचं.

रोलरची कल्पना जुनी होती हे वर आलंच आहे. अडचण होती ती रोलरच्या कातडीची. साधं बीड लवकर झिजायचं. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला वेगमान नावाच्या स्विस माणसाने चक्क चिनी मातीचे रोलर बनवले. पीठ छान निघायचं, पण चिनी माती ती चिनी मातीच! ठिसूळ. आणि तिच्यावर दाणा फोडण्यासाठी दमदार खाचा कशा पाडणार? मेखवार्टने १८७४ मध्ये इथेच गान्झची विद्या वापरली. त्याने चिल्ड कास्ट आयर्नचे रोलर ओतले आणि त्यांच्यावर तिरप्या खाचा पाडल्या. चाकाची विद्या चक्कीत आली!

आता या मशिनचं काम कसं चालतं ते बघू. दोन रोलर एकमेकांना समांतर, उलट दिशेने फिरतात आणि मधल्या फटीतून गहू खाली जातो. दोघांचा वेग सारखा ठेवला तर दाणा नुसता चेपला जाईल. म्हणून एक रोलर दुसऱ्यापेक्षा जलद फिरवतात. खाचा असलेल्या रोलरमध्ये हे प्रमाण साधारण अडीचास एक असतं. हळू फिरणारा रोलर दाणा धरून ठेवतो आणि जलद फिरणारा त्याला उकलतो. आजी एका हाताने शेंग धरून दुसऱ्या हाताने सोलते, तसंच. खाचा तिरप्या असल्यामुळे दाण्यावर सबंध लांबीचा घाव एकदम बसत नाही, कात्रीसारखा सरकत बसतो, आणि मशिनला हादरेही कमी बसतात. पहिल्या जोडीत दाणा उघडायचा, चाळायचं, उरलेलं दुसऱ्या जोडीत घालायचं, पुन्हा चाळायचं. असं करत करत रवा वेगळा काढायचा आणि शेवटी गुळगुळीत रोलरवर त्याचं पीठ करायचं. कोंडा मोठ्या पापुद्र्यांच्या रूपात अलग राहतो. आजही रोलर फ्लोअर मिलमध्ये हेच तत्त्व आहे. ते अधिक बारकाईने शिकायचं असेल तर म्हैसूरच्या सीएफटीआरआयमध्ये मिलिंग टेक्नॉलॉजीचं प्रशिक्षण मिळतं.

मेखवार्टचे रोलर बघता बघता जगभर गेले. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात २ मे १८७८ रोजी वॉशबर्न कंपनीची प्रचंड मिल पिठाच्या धुळीचा स्फोट होऊन उद्ध्वस्त झाली, १८ माणसं गेली. (पिठाची धूळ हवेत पसरली की दारूगोळ्यासारखी पेटते, हे सेफ्टीच्या पेपरसाठी लक्षात ठेवा!) त्यानंतर नवी मिल उभारताना त्यांचा इंजिनियर द ला बार हंगेरीची पद्धत बघायला गेला आणि तिथे साधा मजूर बनून मिलमध्ये काम करत त्याने सगळं डोळ्यांखालून घातलं, असं सांगितलं जातं. पुढे याच मिनियापोलिसने पीठाच्या धंद्यात बुडापेस्टलाही मागे टाकलं. विद्या कुलपात राहत नाही, हेच खरं.

इलेक्ट्रिकलवाले मित्र म्हणत असतील, हे सगळं मेकॅनिकलचंच कौतुक चाललंय. थांबा, तुमचीच पाळी आहे. रोलरच्या धंद्याने कारखाना सावरला आणि १८७८ मध्ये मेखवार्टने त्याच कारखान्यात विजेचा विभाग सुरू केला. त्याची सूत्रं त्याने कारोय झिपर्नोव्स्की या पंचविशीतल्या तरुणाकडे दिली. या विभागातून झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी या तिघांनी १८८५ मध्ये बंद गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर जगापुढे आणला. दुसऱ्या वर्षाच्या लॅबमध्ये आपण ज्याची ओपन सर्किट आणि शॉर्ट सर्किट टेस्ट करतो, त्याचाच हा पूर्वज. पुढे १८९४ मध्ये कांडो नावाचा तरुण याच कंपनीत आला आणि विजेवरच्या रेल्वेत त्याने नाव काढलं. स्वतः लोखंडातला माणूस असून मेखवार्टने विजेच्या पोरांवर भरवसा ठेवला. मला त्याच्या आयुष्यातली ही गोष्ट रोलरइतकीच मोठी वाटते.

१८९९ मध्ये तो निवृत्त झाला, पण डोकं काही निवृत्त झालं नाही. वाफेच्या इंजिनावर चालणारा, फिरत्या पात्यांनी जमीन भुसभुशीत करणारा नांगर बनवायचं त्याचं वेड होतं. आपल्याकडे ट्रॅक्टरमागे रोटाव्हेटर फिरतो, त्याच जातीची कल्पना. पण वाफेच्या इंजिनाचं वजनच इतकं की त्या नांगराचा पसारा शेतकऱ्याच्या कामाचा होईना. काळाच्या पुढची कल्पना योग्य इंजिनाची वाट बघत राहिली. १९०७ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी मेखवार्टचं निधन झालं.

त्याच्या रोलरची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कोंडा आणि अंकुर बाजूला गेले की त्यांच्याबरोबर तंतू, लोह आणि ब जीवनसत्त्वंही पिठातून जातात. पांढरं पीठ दिसायला देखणं, टिकायला चांगलं, पण पोषणात कमी. शिवाय दगडावर दळताना स्टार्चच्या कणांना जास्त इजा होते, म्हणून ते पीठ पाणी जास्त पितं आणि पोळीला मऊपणा येतो. झरीतली दगडी गिरणी मागासलेली आणि रोलर मिल पुढारलेली, असा सरळ हिशोब इथे लागत नाही. पाव, बिस्किटं, रवा यांना रोलर हवा. पोळी-भाकरीला दगड बरा. कोणतं मशिन चांगलं हे ताटात काय वाढायचंय त्यावर ठरतं.

आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर केले, १९१० मध्ये माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. ते आणि मेखवार्ट एकमेकांना भेटले नाहीत, पण दोघांची जातकुळी एकच. शेतकऱ्याची गरज बघायची आणि ओतशाळेत जे जमतं त्यातून तिला उत्तर द्यायचं.

कोअर ब्रँचला आता स्कोप नाही, ही चर्चा आपल्या कॉरिडॉरमध्ये रोज रात्री होते. प्लेसमेंटच्या यादीकडे बघून मलाही धाकधूक होतेच. घरचे तर वाट बघून आहेत. पण १८७३ साली चाकांनाही स्कोप उरला नव्हता. मेखवार्टने चाक सोडलं, चाकामागची विद्या सोडली नाही. पुढच्या वेळी वर्कशॉपमध्ये फाउंड्रीचा जॉब करताना वाळूने हात काळे झाले, तर नुसती सबमिशनची सही घेऊन पळू नका. मामांना विचारा, साच्यात लोखंडाचा तुकडा ठेवून ओतलं तर काय होतं. ओतून बघा, कापून बघा, पांढरा थर किती खोल गेलाय ते मोजा. मी या सत्रात तेच करणार आहे. सोबत यायचं असेल त्याने होस्टेलवर येऊन सांगावं.