साखरेच्या गावातून रॉकेटकडे

पळसदेव, भिगवण, इंदापूर... तुम्ही इकडचे असाल तर वालचंदनगर तुमच्यासाठी कारखान्याचं गाव. पण ज्यांच्या नावाने ते वसलं, ते वालचंद हिराचंद माहितीयेत? बी-स्कूलवाले आज ज्याला नॉलेज मॅनेजमेंट म्हणतात, ते हा माणूस शंभर वर्षांपूर्वी करत होता.

जन्म १८८२, सोलापूर. घरी कापसाचा व्यापार आणि सावकारी. त्यात त्यांचं मन रमेना. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक भेटले. फाटकांना ठेकेदारीतल्या खाचाखोचा ठाऊक, वालचंदांकडे भांडवल. भागीदारी जमली, बार्शी लाइट रेल्वेचं काम मिळालं. आपल्याला जे येत नाही ते येणारा माणूस गाठायचा, ही सवय पुढेही टिकली. १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ही जहाज कंपनी उभी राहिली, त्यातही ते होते.

१९३९ मध्ये मोटार कारखान्यासाठी अमेरिकेला निघाले. विमानप्रवासात विल्यम पॉली भेटले, ज्यांना विमानं बनवण्याचा धंदा माहीत होता. झालं! डिसेंबर १९४० मध्ये बेंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू. १९४२ मध्ये सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला. कंपनी हातची गेली, पण तिथे कामाला लागलेले हात आणि शिकलेलं काम देशातच राहिलं. आजची एचएएल तीच.

खरी गंमत मात्र आपल्या तालुक्यात आहे. साखर कारखाना काही महिनेच गाळप करतो. बाकी वेळ यंत्रं उघडायची, झिजलेलं बदलायचं. हे ज्ञान पुस्तकात कमी, फिटरच्या हातात जास्त. तो रिटायर झाला आणि शिकवून गेला नाही, तर पुढच्या सीझनला मिल बंद पडणार, नुकसान कंपनीचं आणि उसवाल्याचंही. वालचंदनगरने हे ज्ञान जपलं आणि वाढवलंही. आधी स्वतःची यंत्रं सांभाळली, मग इतरांसाठी अख्खे साखर कारखाने बनवले. नुसती साखर विकत बसले असते तर एवढी मजल गेली नसती, असं मला तरी वाटतं.

वालचंद १९५३ मध्ये गेले. त्यानंतर वीस वर्षांनी, १९७३ मध्ये, याच गावातली कंपनी इस्रोच्या कामाला लागली. पीएसएलव्हीच्या मोटारींची केसिंग्ज तिथे बनली आहेत. जंक्शनवरून आत वळलात, की तो कारखाना दिसतो.