भाऊसाहेब पंजाबराव देशमुख : छात्रालय ते मंत्रिपद

विहाराच्या स्मरणिकेत भाऊसाहेब देशमुखांचं चरित्र कशाला, असं मंडळातल्या दोघातिघांनी आम्हाला विचारलं. विचारणं रास्त आहे. उत्तर वऱ्हाडातल्या विहिरींपाशी आहे.

भाऊसाहेबांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ चा, अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी, शेतकऱ्याच्या घरात. १९२० साली ते विलायतेस गेले. वैदिक वाङ्मयातील धर्म या विषयावर प्रबंध लिहून ऑक्सफर्डचे डॉक्टर झाले, शिवाय बॅरिस्टर. वेद कोळून प्यालेला हा माणूस पुढे मंदिराच्या दारात आपल्या बाजूनं उभा राहिला, हे विशेष.

१९२६ ला अमरावतीस परतले. वकिली होतीच, पण जीव समाजाच्या कामात. हाती कुठलंही पद नसताना त्यांनी श्रद्धानंद छात्रालय चालवलं. सगळ्या जातींची पोरं तिथं एकत्र राहत, एका पंगतीत जेवत. १९२७ साली स्वतः जातीबाहेर लग्न केलं, विमलाबाई वैद्य यांच्याशी. त्याच साली अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा लढा उभा राहिला. नोव्हेंबरात अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली, अध्यक्ष बाबासाहेब होते. या लढ्यात भाऊसाहेब पुढं होते.

१९२८ ला ते जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. आता हातात अधिकार आला, अन् तो त्यांनी कुठं वापरला ते बघा. सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. प्राथमिक शिक्षणासाठी कर वाढवला, लोकांचा राग ओढवून घेतला. आमची आजी सांगे, तिच्या गावी हुकूम आला तरी कैक वर्षं कोणी दोराला हात लावू देत नव्हतं. बाया घागर घेऊन ताटकळत, वरून कोणी ओतील तेव्हा पाणी. म्हणजे हुकमानं सगळं झालं असं आम्ही म्हणणार नाही. पण हुकूमच नसता तर भांडायचं कशाच्या जोरावर?

१९३० ला ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री झाले. देवस्थानांची संपत्ती लोकांच्या कामी यावी म्हणून त्यांनी १९३२ साली बिल आणलं. सनातनी खवळले. १९३३ ला मंत्रिपद सोडलं. शिवाजी शिक्षण संस्था मात्र वाढत गेली. आपल्या वस्तीतली किती मुलं तिच्या शाळा-कॉलेजांतून शिकली!

पुढे ते घटना समितीत होते. १९५२ ते १९६२ केंद्रात कृषी खातं सांभाळलं. ते काँग्रेसचे, आपला मार्ग वेगळा. १९५६ नंतर तर अधिकच. म्हणून विहिरीचं ऋण विसरावं असं आम्हाला वाटत नाही.

१० एप्रिल १९६५ ला ते दिल्लीत वारले. अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ साली निघालं, ते त्यांच्याच नावाचं.

येत्या २७ डिसेंबरला अभ्यासिकेतल्या मुलांना घेऊन पापळला जायचं ठरलं आहे. ज्यांना यायचं त्यांनी मंडळाकडे नावं द्यावीत.