तांब्याच्या पत्र्यावरील कवि
इ. स. १६२४ सालीं पोर्तुगालांतील एव्होरा येथील महामंदिराचे कॅनन मानुएल सेव्हेरीं द फारीय ह्यांनीं एक ग्रंथ छापविला. त्यांत लुईश द कामोंइश ह्या कवीचें चरित्र असून सोबत तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलें त्याचें चित्र आहे. चित्रांतील पुरुषाचा एक डोळा मिटलेला आहे. कोरणारानें हें व्यंग झांकलें नाहीं, हें फार बरें केलें. त्या मिटल्या डोळ्यांत कवीचें अर्धें चरित्र सांठविलेलें आहे.

कामोंइशचा जन्म १५२४ च्या सुमारास झाला. तरुणपणीं आफ्रिकेंत सेउता येथें शिपाईगिरी करीत असतां त्याचा उजवा डोळा गेला. १५५२ त लिस्बन येथें ख्रिस्तशरीराच्या सणाच्या दिवशीं त्यानें राजवाड्यांतील एका सेवकास तलवारीनें जखमी केलें. सण कोणता आणि कृत्य कोणतें! कांहीं महिने तुरुंगांत काढल्यावर राजाची क्षमा मिळाली, व १५५३ त तो शिपाई म्हणून गोव्यास आला.

त्याचें काव्य प्रथम छापलें गेलें तें गोव्यांतच, ही गोष्ट आपल्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. मुंबईचें बेट ज्यास राजाकडून पट्ट्यानें मिळालें होतें, त्या गार्सिय द ओर्त वैद्याचा हिंदुस्थानांतील औषधींवरील ग्रंथ १५६३ त गोव्यांत निघाला. त्यांत कामोंइशनें व्हाइसरॉयास उद्देशून रचलेलें एक कवन आहे.

पूर्वेकडील प्रवासांत मेकाँग नदीच्या मुखाशीं त्याचें जहाज फुटलें. हस्तलिखित सांभाळीत तो पोहून कांठास लागला, अशी परंपरा आहे. पुढें मोझांबिकांत तो मित्रांच्या अन्नावर जगत होता. त्यांनींच कर्ज फेडून त्यास स्वदेशीं नेलें. १५७२ त 'लुझिआद' हें दहा सर्गांचें महाकाव्य प्रसिद्ध झालें. धर्मपरीक्षक डोमिनिकन धर्मगुरु बार्तोलोमेउ फेरैर ह्यांनीं त्यांतील ग्रीक-रोमन देवता केवळ काव्यालंकार म्हणून चालूं दिल्या, ही त्यांची रसिकताच म्हणावी. काव्य वास्को द गामाच्या सफरीचें. आपल्या किनाऱ्यावरील लोकांची बाजू त्यांत शोधूं नये. राजानें सालिना १५,००० रेइश वेतन बांधून दिलें, परंतु दारिद्र्य हटलें नाहीं. १० जून १५८० रोजीं कवि निवर्तला, आणि त्याच वर्षीं पोर्तुगालचें राज्य स्पेनच्या राजाकडे गेलें.

त्यामुळें १६२४ च्या चित्राचें मोल निराळें. रंगविलेली तसबीर एका घरांत राहते. कोरलेल्या पत्र्यांत शाई भरून ओला कागद दाबला कीं शेंकडों प्रती निघतात. मात्र पत्र्यावरील उजवें कागदावर डावें उमटतें. दोन डोळ्यांच्या माणसांत ही उलटापालट खपून जाईल. ह्या कवीच्या चेहऱ्यांत कशी खपावी? स्वतःचा राजा नसलेल्या राष्ट्राच्या हातीं आपल्या कवीचा चेहरा तरी आला. १६४० पर्यंत तें राज्य परक्यांकडेच होतें.

त्यास सांत आना येथें पुरलें होतें. १७५५ च्या भूकंपांत तें मंदिर ढासळलें. १८८० त जेरोनिमुश मठांत समारंभानें नेलेल्या अस्थि त्याच्याच कीं दुसऱ्या कोणाच्या, ह्याचा निर्णय अद्याप लागलेला नाहीं.